हजार, हप्ता आणि अवेस्ता

लेकरांनो, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्या लागल्या की पहिल्यांदा कानावर काय येतं? भाव! इतके हजार आणि वर इतके शे. नांदेडला गल्लीतल्या बचत गटाची बैठक बसली की आई, मावशी, काकू आपापला हप्ता भरतात. लग्नात आजी जी पैठणी नेसते, तिच्या पदराला जर असते. आणि भर बाजारात सायकल आडवी लावली तर कुणीतरी ओरडतंच, "ए पोरा, बाजूला घे!"

हजार, हप्ता, जर, बाजू. हे चार शब्द जरा खिशात ठेवा. यांचा माग काढत आज आपल्याला खूप लांब, तीन हजार वर्षांहून मागे जायचं आहे. तिथं एक भाषा आहे. आज जगात कुणाच्याही घरी ती बोलली जात नाही. तिच्यात कुणी भाजीचा भाव करत नाही, कुणी भांडत नाही, कुणी गोष्ट सांगत नाही. तरीही आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत, ती रोज मोठ्यानं म्हटली जाते, आणि ती म्हणणाऱ्यांत तुमच्या वयाची मुलंमुलीही आहेत.

ही भाषा आहे अवेस्ताची. अवेस्ता म्हणजे पारशी लोकांचे पवित्र ग्रंथ. होमी भाभा यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या नावाच्या बालवैज्ञानिक स्पर्धेला तुमच्यापैकी कितीतरी जण बसत असतील. ते पारशी होते. जमशेटजी टाटा पारशी होते. पारशांचे पूर्वज इराणातून समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्याला आले, संजाण गावी राहिले आणि पुढे मुंबईपर्यंत पसरले. २०११ च्या जनगणनेत भारतभरात पारशी होते फक्त ५७,२६४. एवढे थोडे लोक, आणि त्यांनी सांभाळलेला ठेवा मात्र जगातल्या अगदी जुन्या ठेव्यांपैकी एक!

त्यांच्या धर्माचे प्रेषित जरथुश्त्र. ते केव्हा होऊन गेले यावर विद्वानांचं एकमत नाही, पण बरेच अभ्यासक आजपासून सुमारे ३००० ते ३५०० वर्षांपूर्वीचा काळ सांगतात. जरथुश्त्रांनी स्वतः रचलेल्या १७ सूक्तांना काय म्हणतात, माहीत आहे? गाथा! आपण तुकोबांची गाथा म्हणतो ना, तोच शब्द. संस्कृतातही गाथा, अवेस्तातही गाथा, अर्थही तोच, गायचं काव्य.

आता एक खेळ खेळू. हा खेळ मला फार आवडतो, कारण त्याला वही लागत नाही, नुसते कान लागतात.

नियम पहिला. संस्कृत शब्दातला 'स' काढायचा आणि तिथं 'ह' बसवायचा. सोम घ्या. झाला होम, अवेस्तात म्हणतात हओम. असुर घ्या, झाला अहुर. पारशी देवाला अहुर मज्द म्हणतात, त्यातला हाच अहुर. सिंधू नदी घ्या, झाली हिंदु. आणि सप्त, म्हणजे सात? हप्त! अवेस्तात सात म्हणजे 'हप्त'.

थांबा, थांबा. खिशात काय ठेवलं होतं? हप्ता! सात दिवसांचा तो हप्ता. पूर्वी पैसे दर सात दिवसांनी भरले जायचे म्हणून त्या रकमेलाही हप्ताच नाव पडलं, आणि आता महिन्याला भरला तरी आपण हप्ताच म्हणतो. यात आणखी एक गंमत आहे. फारसीत हा शब्द 'हफ्ता' असा आहे. मराठीनं त्यातल्या 'फ'चा 'प' केला आणि शब्द पुन्हा जवळजवळ अवेस्तासारखा होऊन बसला. कुणी ठरवून केलं नाही, आपोआप झालं. आपल्या स्वतःच्या 'आठवडा' या शब्दात तर सात नव्हे, आठ लपलेले आहेत. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून मोजून बघा.

नियम दुसरा. संस्कृतातल्या काही शब्दांतला 'ह' काढायचा आणि तिथं 'ज' ठेवायचा. 'जीवन'मधला ज नाही, 'जर'मधला ज. बाहू म्हणजे दंड, हात. झाला बाजु! अवेस्तात तो 'बाजु', फारसीत 'बाजू', आणि आपल्याकडे येताना हाताची बाजू कुठल्याही वस्तूची बाजू झाली. हिरण्य म्हणजे सोनं. पहिला ह काढा, ज ठेवा. अवेस्तात सोनं म्हणजे 'जरन्य'. फारसीत त्याचं आखडून झालं 'जर', आणि पैठणच्या मागावर सोन्याची तार चढली तिचं नावही जर.

आता शेवटचं कोडं, आणि हे तुम्ही सोडवायचं. सहस्र. यात 'स'ही आहे आणि 'ह'ही आहे, म्हणजे दोन्ही नियम एकदम लावायचे. सचा ह, हचा ज. काय मिळतं? ह... ज... अवेस्तात शब्द आहे 'हजंग्र', आणि फारसीतून आपल्याकडे आला तो 'हजार'. म्हणजे शाळेत 'सहस्र' लिहिताना आणि मोंढ्यात 'हजार' म्हणताना आपण एकच जुना शब्द दोन रूपांत वापरतो. आपल्याला पत्ताही नसतो!

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर घोटाळा होईल. हे शब्द अवेस्तातून थेट मराठीत आले नाहीत. ते फारसीतून आले. फारसी ही इराणची भाषा, अवेस्ता भाषेच्या कुळातली, पण तिची मुलगी नाही. आपल्या मराठवाड्यात तर फारसीचा मुक्काम शेकडो वर्षं होता. बहमनी, बरीदशाही, मोगल, मग निजाम. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्यावर फारसी शिलालेख आजही आहेत. हैदराबाद संस्थानाचा कारभार १८८० च्या दशकापर्यंत फारसीत चाले. त्यामुळे फारसी शब्द आपल्या बोलीत असे मुरले की ते बाहेरचे वाटतच नाहीत. आणि संस्कृत, अवेस्ता, फारसी या सगळ्यांच्या मागे फार पूर्वीची एकच भाषा होती, म्हणून तर आपला खेळ जमतो.

पण कुळ एक असलं म्हणून सगळं एकसारखं राहतं असं नाही. अवेस्तात 'अहुर' हा शब्द परमेश्वराचा, आणि 'दएव' म्हणजे आपला देव हा शब्द वाईट शक्तींचा. आपल्याकडे अगदी उलट, देव पूजेचा आणि असुर लढाईतला. मात्र ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवालाही आदरानं असुर म्हटलेलं आहे. शब्द तेच राहिले, माणसांची वाट वेगळी झाली आणि अर्थ फिरले.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त नवल वाटतं ते सांगते. जरथुश्त्रांची ही गाथा रचली गेली तेव्हा ती लिहिली गेलीच नाही. एक हजार वर्षांहून जास्त काळ ती फक्त तोंडून कानात आणि कानातून तोंडात अशी जात राहिली. बाप मुलाला शिकवी, गुरू शिष्याला. एक अक्षर चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात बोलली जाणारी भाषा बदलत गेली, राजे बदलले, पण पाठ केलेले शब्द जिथल्या तिथं राहिले.

मग इराणात सासानी राजांच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, विद्वान धर्मगुरूंनी ठरवलं की आता हे लिहून ठेवायचं. पण कशात लिहायचं? त्यांच्याकडे पहलवी लिपी होती, पण ती होती मोठी अवघड. तिच्यात अक्षरं थोडी आणि एकेका अक्षराचे उच्चार अनेक. न, व आणि र या तिन्हींना एकच खूण! म्हणजे त्या लिपीत 'नवर' लिहायचं तर तीच रेघ तीनदा काढायची, आणि वाचणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं. रोजच्या हिशेबाला, पत्राला ते चालतं. आपल्या पणजोबांची जुनी कागदपत्रं मोडीत असत, मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ धड कळत नाही, पण सरावलेला माणूस अंदाजानं भराभर वाचतो. पोथी मात्र बाळबोधीत लिहीत, कारण तिथं काना-मात्रा चुकून चालत नाही. इराणी धर्मगुरूंनाही अशीच स्वतःची बाळबोध हवी होती.

म्हणून त्यांनी नवी लिपी तयार केली, फक्त अवेस्तासाठी. ५० हून जास्त अक्षरं! नुसते 'अ'सारखे स्वरच किती प्रकारचे. ऱ्हस्व वेगळा, दीर्घ वेगळा, नाकातून येणारा वेगळा, अर्धवट तोंड उघडून येणारा वेगळा. गुरुजी म्हणताना तोंडातून जो जो आवाज निघतो, त्या प्रत्येकाला वेगळी खूण. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि प्रत्येक शब्दानंतर एक टिंब देतात. दीड हजार वर्षांपूर्वी कानानं ऐकून एवढा बारीक हिशेब ज्यांनी केला, ते माझ्या मते पहिल्या प्रतीचे शास्त्रज्ञ होते. त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

परंपरा सांगते की संपूर्ण अवेस्ताचे २१ भाग होते. त्यातले बहुतेक हरवले. लढायांत, स्वाऱ्यांत, आगीत गेले. आज जे उरलं ते सुमारे पाव भाग. त्यात यस्न हा मुख्य, त्याचे ७२ अध्याय, आणि त्या ७२ च्या मधोमध १७ गाथा जपून ठेवलेल्या. पारशी मुलं कमरेला लोकरीची एक बारीक विणीव दोरी बांधतात, तिला कुस्ती म्हणतात. (आपल्या आखाड्यातली कुस्ती निराळी!) त्या दोरीत धागे असतात बरोबर ७२.

आता गोष्टीत एक फ्रेंच माणूस येतो, आणि तो चक्क आपल्या मराठवाड्यातून जातो.

त्याचं नाव आंकतील द्युपेराँ. १७५४ मध्ये पॅरिसमध्ये त्यानं अवेस्ताच्या पोथीतली काही नकललेली पानं पाहिली. मूळ पोथी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला होती, आणि ती तिथं कुणालाही वाचता येत नव्हती. त्या पोरसवदा माणसानं ठरवलं, मी वाचणार! हिंदुस्थानात यायला पैसे नव्हते, म्हणून तो फ्रेंच कंपनीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. १७५५ मध्ये पुदुच्चेरीला उतरला. मग पुढची तीन वर्षं भटकंती, आजारपण, युद्धाची धावपळ. शेवटी गोव्याहून वर निघून औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, गाठून तो सुरतेच्या वाटेला लागला. वाटेत वेरूळची लेणी बघायला थांबला आणि त्यांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. तुमची सहल वेरूळला जाते ना? कैलास लेण्याच्या अंगणात उभे राहाल तेव्हा लक्षात ठेवा, १७५८ मध्ये अवेस्ताच्या शोधात निघालेला एक फ्रेंच माणूसही ही लेणी बघून गेला.

सुरतेला दस्तूर दाराब नावाच्या पारशी धर्मगुरूंनी त्याला शिकवलं. दस्तूर म्हणजे मोठे धर्मगुरू. १७६१ मध्ये तो १८० हस्तलिखितं घेऊन परत निघाला, आणि १७७१ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर छापून आलं. आणि काय झालं असेल? कौतुक? छे! कितीतरी विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं. हे खोटं आहे, याला फसवलंय, म्हणाले. त्याचं भाषांतर खरंच बरंच चुकलेलं होतं, कारण शिकवणाऱ्यांनाही जुन्या भाषेचं व्याकरण ठाऊक उरलेलं नव्हतं, शब्द पाठ होते पण अर्थ धूसर झाले होते. पण पोथी खरी होती. रास्मुस रास्क नावाचा डॅनिश विद्वान १८२० मध्ये मुंबईला आला, त्यानं हस्तलिखितं मिळवली आणि भाषा अस्सल आहे, जुनी आहे, संस्कृतची जवळची नातेवाईक आहे, हे १८२६ मध्ये दाखवून दिलं.

मग अर्थाचं कुलूप उघडलं कुणी? किल्ली होती संस्कृत! फार पूर्वी नैर्योसंग धवल नावाच्या पारशी पंडितानं यस्नाचं संस्कृतात भाषांतर करून ठेवलं होतं. पॅरिसचे युजेन बुर्नूफ यांनी ते भाषांतर आणि वेदांची भाषा शेजारी ठेवून, आपण मघाशी खेळलो तोच सचा ह, हचा ज असा खेळ कितीतरी शब्दांवर खेळला, आणि १८३३ मध्ये यस्नावरचा त्यांचा ग्रंथ आला. इराणची पोथी, भारतातलं संस्कृत भाषांतर आणि पॅरिसमधलं टेबल. यातलं एक जरी नसतं तरी काम अडलं असतं.

पुढचा धागा पुण्याचा. मार्टिन हौग हे जर्मन प्राध्यापक १८५९ ते १८६६ पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवत. पुढे हेच कॉलेज डेक्कन कॉलेज म्हणून नावाजलं. पुण्यात त्यांना वेदपाठी ब्राह्मण भेटत, मुंबईत आणि गुजरातेत पारशी दस्तूर भेटत, आणि ते दोन्हीकडे कान देऊन ऐकत. त्यांच्या लक्षात आलं की अवेस्ता सगळा एका काळातला नाही. गाथांची भाषा बाकीच्यापेक्षा वेगळी आणि जुनी आहे. एक खूण तर तुम्हालाही पकडता येईल. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, असं बाई सांगतात ना? गाथांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी आलेला प्रत्येक स्वर दीर्घच असतो, मग तो अ असो, इ असो की उ. नंतरच्या भागांत तसं नाही. शिवाय गाथांत ओळींची अक्षरं मोजलेली आहेत. काही गाथांत ओळीला ११ अक्षरं, आणि चारनंतर थोडं थांबायचं. वेदांतल्या त्रिष्टुभ छंदातही चरणाला अक्षरं ११ च! हौग यांनी सांगितलं की जरथुश्त्रांचे स्वतःचे शब्द म्हणजे या गाथा, बाकीचं नंतरच्या लोकांचं. त्यांचं पुस्तक १८६२ मध्ये मुंबईत छापलं गेलं, आणि आज जगभरचे बहुतेक अभ्यासक याच वाटेनं जातात.

हे सगळं वाचून असं वाटू नये की परदेशी विद्वान शिकवत होते आणि पारशी नुसते ऐकत होते. मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा युरोपात जाऊन अवेस्ताचं नवं व्याकरण शिकून आले आणि १८६१ पासून त्यांनी तरुण धर्मगुरूंसाठी स्वतः वर्ग चालवला. ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांना त्याचा अर्थही कळावा म्हणून! त्यांच्या नावाची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९१६ पासून मुंबईच्या फोर्ट भागात आहे, आणि तिथं जुनी हस्तलिखितं सांभाळलेली आहेत.

आणि मुलं? साधारण ७ ते ११ वर्षांच्या पारशी मुलामुलींचा नवजोत होतो. त्या दिवशी ती सद्रा, म्हणजे पवित्र सदरा, आणि कुस्ती पहिल्यांदा घालतात आणि अवेस्तातल्या प्रार्थना तोंडपाठ म्हणतात. ज्या मुलांना धर्मगुरू व्हायचं असतं, त्यांचा अभ्यास मात्र फार मोठा. दादरला १९१९ पासून अथोर्नान इन्स्टिट्यूट आहे. अथोर्नान म्हणजे धर्मगुरूंच्या घराण्यातले. मुलं तिथं राहतात, इतर मुलांसारखी शाळाही करतात, आणि जोडीला यस्नाचे ७२ अध्याय पाठ करतात. मग त्यांचा विधी होतो, त्याला नावर म्हणतात. यस्नाचा विधी सकाळी होतो, दोन धर्मगुरू मिळून करतात, आणि तो पुस्तक न बघता म्हणायचा. फक्त वंदिदाद नावाचा २२ प्रकरणांचा लांबलचक भाग मध्यरात्री सुरू करून पहाटेपर्यंत पुस्तकातून वाचायची मुभा आहे.

तुम्हाला पाढे पाठ करायचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. पण विचार करा, ७२ अध्याय, आणि तेही घरी कुणीच बोलत नाही अशा भाषेत! अशी मुलं प्रत्येक पिढीत झाली, म्हणून ही भाषा सासानी विद्वानांना लिहून घेता आली, म्हणून ती आंकतीलला मिळाली, आणि म्हणून आज आपण तिच्यावर बोलतो आहोत. कागद तर बराचसा जळून गेला होता.

पारशांच्या अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, इतर धर्माच्या लोकांना आत जाता येत नाही. तो त्यांचा नियम आहे आणि आपण तो मानायचा. पण त्यांच्या जुन्या अक्षरांची एक जागा सगळ्यांना खुली आहे. देवगिरीनं किंवा लातूर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलात तर घरच्यांना सांगून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी नक्की बघा. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख कोरलेले आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. हजार वर्षांपूर्वी हे बौद्ध लेणं बघायला आलेल्या जरथुश्त्री लोकांनी आपली नावं आणि तारीख तिथं लिहून ठेवली. ई. डब्ल्यू. वेस्ट या मुंबईच्या रेल्वेतल्या इंजिनिअरनं पहलवी शिकून ते वाचले आणि १८८० मध्ये छापले.

न, व आणि र ला एकच खूण असलेली ती लिपी तुम्हाला तिथं डोळ्यांनी बघता येईल. मात्र त्या लोकांनी कोरलं म्हणून आपणही आपलं नाव कोरायचं नाही. लेणी आता संरक्षित आहेत. अक्षरं लांबूनच बघा, त्यांना बोट लावू नका, आणि बघून आल्यावर काय काय ओळखता आलं ते आम्हाला कळवा.